समाजशास्त्र : वसई-विरारच्या आरशात एका शास्त्राची ओळख

प्रतिनिधी, वसई

माणूस स्वतःच्या कर्तृत्वाने आयुष्य घडवतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. या म्हणण्यात तथ्य आहेच. पण ते अपुरे आहे. चर्चगेटहून संध्याकाळी सुटणाऱ्या विरार लोकलमध्ये दाटीवाटीने उभ्या असलेल्या प्रत्येक प्रवाशाने नालासोपारा किंवा विरारला घर घेण्याचा निर्णय स्वतःच घेतलेला असतो. त्यासाठी कोणी त्याच्यावर सक्ती केलेली नसते. असे असूनही लाखो माणसांचे स्वतंत्र निर्णय एकाच दिशेने, एकाच रेल्वेमार्गावर आणि साधारण एकाच किमतीच्या घरांकडे कसे वळतात? दुसऱ्या बाजूला, याच तालुक्याच्या पूर्वेकडील वीटभट्टीवर वाढणारे मूल आणि पश्चिमेकडील शाळेच्या बाकावर बसलेले मूल बुद्धीने सारखे असले, तरी त्यांच्या वाटा इतक्या वेगळ्या का होतात? या आणि अशा प्रश्नांची पद्धतशीर उत्तरे शोधणारे शास्त्र म्हणजे समाजशास्त्र.

शास्त्र कशाचे?

माणसे एकत्र राहताना जे संबंध, नियम, संस्था आणि विषमता निर्माण करतात, त्यांचा आणि त्यांच्यामुळे माणसाच्या वागण्यावर व संधींवर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास समाजशास्त्र करते. कुटुंब, जात, धर्म, शाळा, बाजार, नोकरी, शहर आणि राज्यसंस्था हे त्याचे विषय. मानसशास्त्राचा भर व्यक्तीच्या मनावर असतो आणि अर्थशास्त्राचा तिच्या व्यवहारावर. समाजशास्त्र मात्र व्यक्ती ज्या समूहात उभी आहे त्या समूहाकडे प्रथम पाहते.

फ्रेंच विचारवंत ऑगस्त कॉम्त याने १८३० च्या दशकात या शास्त्राचे नाव रूढ केले. त्याला शास्त्रीय पाया दिला तो एमिल दुर्खीम याने. आत्महत्येसारखी अत्यंत खासगी वाटणारी कृतीसुद्धा समाजातील बंध किती घट्ट वा सैल आहेत यावर अवलंबून असते, हे त्याने १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आकडेवारीच्या आधारे मांडले. व्यक्तीच्या बाहेर असलेले, पण व्यक्तीवर दाब टाकणारे जे काही असते, त्याला त्याने 'सामाजिक तथ्य' म्हटले. कार्ल मार्क्सने उत्पादनाच्या साधनांवरील मालकीकडे लक्ष वेधले, तर मॅक्स वेबरने 'जीवनसंधी' ही कल्पना दिली. चांगले अन्न, घर, शिक्षण, प्रतिष्ठा मिळण्याची शक्यता सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. ती माणसाच्या सामाजिक स्थानानुसार कमीअधिक होते, असा या कल्पनेचा अर्थ. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये खासगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांतील फरक स्पष्ट केला. एखाद्याची गाडी चुकली तर ती त्याची अडचण. पण दररोज हजारो लोकांना गाडीत पाय ठेवायलाही जागा मिळत नसेल, तर त्याचे कारण त्या लोकांच्या स्वभावात सापडणार नाही. ते शहराच्या रचनेतच शोधावे लागेल.

मुंबईत रुजलेले रोप

या शास्त्राचा भारतातील इतिहास मुंबईशी निगडित आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. शहररचनेचे अभ्यासक पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्रमुख होते. १९२४ मध्ये विभागाची सूत्रे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. मालवणात १८९३ मध्ये जन्मलेल्या आणि केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या घुर्ये यांचा जात व वंशावरील ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५१ मध्ये 'इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी' स्थापन करण्यातही त्यांचाच पुढाकार होता. 'संस्कृतीकरण' ही संकल्पना मांडणारे एम. एन. श्रीनिवास, भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी तपासणारे अ. र. देसाई आणि मराठी वाचकांना 'युगान्त'मुळे परिचित असलेल्या इरावती कर्वे हे सारे त्यांचेच विद्यार्थी.

अर्थात, विद्यापीठात विभाग निघण्यापूर्वीही महाराष्ट्रात समाजाची चिकित्सा सुरू होती. शिक्षणाचा पैसा कोणाकडून येतो आणि त्याचा लाभ कोणाला होतो, हा रोकडा प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात विचारला. त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून स्त्रीला एक आणि पुरुषाला दुसरा न्याय का, असा जाब मागितला. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा भारतीय जातींच्या इतिहासावरील ग्रंथ १९०९ चा, तर त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ चा. बलुतेदारीच्या व्यवस्थेचे इतके बारकाईचे वर्णन मराठीत त्यापूर्वी झालेले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात जातींवरील निबंध वाचला. जातीचा गाभा रोटीव्यवहारात नसून बेटीव्यवहारात, म्हणजे जातीतच विवाह करण्याच्या बंधनात आहे, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. शंभरहून अधिक वर्षे उलटून गेल्यावरही हा सिद्धान्त कसोटीला उतरतो, याचा प्रत्यय वसईतच येतो.

वाडी, खाचर, मिठागर

वसई तालुक्याची सामाजिक घडण भूगोलाबरोबर वाचावी लागते. पश्चिमेला समुद्र आणि त्याला लागून कोळी व मांगेल्यांच्या वस्त्या. त्यांच्या मागे केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाल्याच्या वाड्या. मध्ये रेल्वेमार्ग. खाडीकडे मिठागरे. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आणि त्याच्या परिसरात वारली, काथोडी, मल्हार कोळी अशा आदिवासींचे पाडे. कोणत्या पट्ट्यात जन्म झाला यावरून पाणी, जमीन, शाळा आणि बाजारपेठ यांपैकी काय वाट्याला येणार, हे पिढ्यान्‌पिढ्या बऱ्याच अंशी ठरत आले.

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी ती जिंकली. दरम्यानच्या दोन शतकांत येथील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म बदलला, पण भाषा, वाडी, व्यवसाय आणि जातीची चौकट बरीचशी कायम राहिली. म्हणूनच वसईत हिंदू वाडवळ आहेत तसे ख्रिस्ती वाडवळ आहेत, सामवेदी ब्राह्मण आहेत तसे सामवेदी ख्रिस्ती आहेत, आणि पाचूबंदरसारख्या वस्तीत ख्रिस्ती कोळीही आहेत. सामवेदी बोली, जिला कादोडी असेही म्हणतात, ती दोन्ही धर्मांच्या घरांत ऐकू येते. चर्चमधील उपासना आणि धर्मशिक्षण मराठीतून चालते. एकाच चर्चमध्ये, एकाच बाकावर बसणाऱ्या वाडवळ आणि सामवेदी ख्रिस्ती कुटुंबांत सोयरीक मात्र दीर्घकाळ होत नसे. शिक्षण आणि नोकरीनिमित्त तरुण-तरुणी एकत्र येऊ लागल्यानंतर ही बंधने सैल होत गेली. उपासना एकत्र, विवाह वेगळे, ही स्थिती म्हणजे आंबेडकरांच्या सिद्धान्ताचे चालतेबोलते उदाहरण म्हणावे लागेल.

समाजातील ओळख परिस्थितीनुसार कशी घडते, हेही येथे दिसते. मुंबई, साष्टी आणि वसई परिसरातील मूळच्या ख्रिस्ती समाजाला 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ मध्ये मिळाले. गोवा आणि मंगळूरकडून आलेले ख्रिस्ती बांधव तेव्हा सरकारी व रेल्वेच्या नोकऱ्यांत स्पर्धक ठरत होते. आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखातील जुने प्रजाजन आहोत, हे ठसवण्यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या समाजाने हे नाव धारण करून आपली संघटना उभारली. पूर्व भारताशी काडीचाही संबंध नसलेल्या समाजाचे हे नाव नोकरीच्या बाजारातून जन्माला आले आहे. ओळख ही रक्तातूनच येते असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा जरूर विचार करावा.

लग्नाचे कर्ज, जन्माची गुलामी

संधीची विषमता सर्वांत उघडी पडते ती तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात. जुन्या ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' हा शब्द प्रचलित होता. लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम घ्यायची आणि ती फिटेपर्यंत त्याच्या शेतावर राबायचे, अशी ही पद्धत. हिशेब सावकाराच्या वहीत, गडी निरक्षर, आणि बायकोलाही त्याच घरी काम करावे लागे. परिणामी कर्ज फिटत नसे आणि आयुष्य सरत असे. १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याची हकीकत लिहिली असून १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

वेठबिगारीवर देशभर कायद्याने बंदी आली ती १९७६ मध्ये. कायदा झाला म्हणून प्रथा संपत नाही, हे मात्र वसईतच दिसून आले. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये 'विधायक संसद' आणि १९८२ मध्ये 'श्रमजीवी संघटना' स्थापन केली. या संघटनेने मुंबईपासून जेमतेम ५०-६० किलोमीटरवर असलेल्या गावांतील वेठबिगार शोधून त्यांच्या मुक्ततेसाठी लढा दिला. या कार्याबद्दल पंडित दाम्पत्याला १९९९ मध्ये लंडनच्या 'अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल' या संस्थेने गौरवले. याच काळात सर्वोच्च न्यायालयानेही, १९८२ मधील एशियाड मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावे लागणे हेही सक्तीचे श्रमच होत, असा निर्णय दिला. भुकेची सक्ती ही साखळदंडाइतकीच खरी असते, हे न्यायालयाने मान्य केले. समाजशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे. कारण वरवर राजीखुशीने केलेल्या करारामागील लाचारी त्यात ओळखली गेली.

वेठीचे जुने रूप ओसरले, तरी तिचा धागा वीटभट्टीवर अजून सापडतो. पावसाळा संपला, भाताची कापणी आटोपली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडील आदिवासी कुटुंबे वसई, भिवंडी परिसरातील भट्ट्यांवर येतात. मालकाकडून सणासाठी किंवा आजारपणासाठी आधीच 'उचल' घेतलेली असते. ती फेडण्यासाठी नवरा, बायको आणि हाताखाली आलेली मुले अशी सारी माणसे मातीत उतरतात. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि हाती काही उरले नाही तर पुढच्या वर्षाची उचल आलीच. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, स्थलांतर दिवाळीच्या सुमारास. म्हणजे मूल पहिल्या सत्रानंतर पटावरून गळणार, हे वेळापत्रकानेच ठरवून टाकलेले असते. 'या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही' हा शेरा शहरात सर्रास ऐकू येतो. शेरा मारणाऱ्याने ही दोन वेळापत्रके शेजारी ठेवून पाहिलेली नसतात, इतकेच.

यावर उपाय म्हणून विधायक संसदेने नव्वदच्या दशकात 'भोंगाशाळा' सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर राहण्यासाठी उभारलेली तात्पुरती झोपडी. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळाच भोंग्यापर्यंत न्यायची, असा हा साधा विचार होता. पुढे शासनानेही हा प्रयोग उचलून धरला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आहे. तरीही हा हक्क भट्टीवरच्या मुलापर्यंत किती पोहोचतो, हा प्रश्न दरवर्षी दिवाळीनंतर नव्याने विचारावा लागतो.

लोकल : चालती समाजशाळा

वसई-विरारचे आधुनिक आयुष्य घडवले ते रेल्वेने. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी धावली. १९३६ मध्ये विजेवरील गाड्या विरारपर्यंत आल्या. वाडीतील भाजी, फुले आणि दूध मुंबईच्या बाजारात पोहोचू लागले आणि वाडीतला मुलगा कचेरीत. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली आणि हे वर्तुळ आणखी विस्तारले.

दुर्खीमचे 'सामाजिक तथ्य' समजून घ्यायचे असेल तर विरार लोकलइतके चांगले उदाहरण नाही. तीन जणांच्या बाकावर चौथ्याला जागा द्यायची, गाडी फलाटाला लागण्यापूर्वी दाराजवळ कोणी कुठे उभे राहायचे, कोणत्या डब्यात कोणते भजनी मंडळ बसते, हे कोणत्याही नियमपुस्तिकेत लिहिलेले नाही. पण नियम मोडणाऱ्याला त्याची जाणीव तत्काळ करून दिली जाते. बोरिवलीला उतरण्यासाठी विरार गाडीत चढणाऱ्या नवख्याला दारातील जमावाचा जो अनुभव येतो, त्यामागे कोणा एकाचा दुष्टपणा नसतो. अपुऱ्या जागेसाठी स्पर्धा करणाऱ्या समूहाने स्वतःपुरती तयार केलेली ती कायदेव्यवस्था असते. तिच्यात दांडगाई आहे, तसेच दसऱ्याला डब्याची पूजा बांधणारे आणि आजारी सहप्रवाशाच्या घरी धावून जाणारे सख्यही आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की नोकरीची खबर अनेकदा जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून मिळते. गाडीतल्या 'ग्रुप'चे महत्त्व यावरून लक्षात यावे.

स्त्रियांच्या बाबतीत तर गाडीचे वेळापत्रक थेट संधीशी जोडलेले आहे. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली महिला विशेष गाडी सोडली आणि १९९३ मध्ये ती विरारपर्यंत नेली. स्वतंत्र गाडीमुळे घरच्यांचा विरोध कमी झाला आणि दूरची नोकरी आवाक्यात आली, असे अनेक कुटुंबांत घडले. पण त्याच गाडीत परतीच्या वाटेवर भाजी निवडणाऱ्या बायकाही दिसतात. नोकरीची संधी मिळाली, घरकामाची वाटणी मात्र बदलली नाही, हे ते दृश्य सांगते. घराबाहेरचे काम संपल्यावर घरातली दुसरी पाळी सुरू होते. या गाडीत ती दोन पाळ्यांच्या मध्येच सुरू झालेली असते.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद झाली, तेव्हा या शहराचे अवलंबित्व उघड झाले. जुलै २०२० मध्ये नालासोपाऱ्यात संतप्त प्रवासी रुळांवर उतरले. घरून काम करण्याची मुभा असणारा आणि कामावर न गेल्यास पगार बुडणारा, असे एकाच इमारतीतील दोन वर्ग त्या दिवसांत स्पष्टपणे वेगळे दिसले.

घर परवडते म्हणजे काय?

२००१ च्या जनगणनेत नालासोपाऱ्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८४ हजार, विरारची १ लाख १९ हजार, नवघर-माणिकपूरची १ लाख १७ हजार आणि वसईची ४९ हजार होती. या चार नगरपरिषदा आणि परिसरातील ५३ गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाख २० हजारांवर गेल्याची नोंद झाली.

ही माणसे आली कोठून? जानेवारी १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील अनेक मराठी कुटुंबे उपनगरांपलीकडे फेकली गेली. चाळीतील खोली विकून येणाऱ्या पैशात जेथे स्वयंपाकघरासह स्वतःचे घर मिळेल, तेथे ती गेली. कोकणातून, घाटावरून आणि उत्तरेकडील राज्यांतून आलेल्यांनीही हाच मार्ग धरला. एक नातेवाईक आला की त्याच्यामागून गाववाले येतात, भाड्याची खोली त्याच्या शब्दावर मिळते आणि कामही. समाजशास्त्रात याला 'साखळी स्थलांतर' म्हणतात. एखाद्या गल्लीत एकाच तालुक्याची माणसे आढळतात, त्यामागे ही साखळी असते. अनोळखी शहरात ती आधार देते. मात्र ज्याचा गाववाला कोणी नाही, ज्याच्या आडनावावरून वा आहारावरून 'जागा नाही' असे सांगितले जाते, त्याच्यासाठी तीच साखळी कुंपण ठरते.

परवडणाऱ्या घराची खरी किंमत कधीकधी फार उशिरा कळते. नालासोपारा पूर्वेला कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या. ही कारवाई २०२५ च्या प्रारंभी पूर्ण झाली आणि हजारो रहिवासी बेघर झाले. त्याच वर्षी ऑगस्टअखेर विरार पूर्वेतील रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग मध्यरात्री कोसळून १७ जणांचा बळी गेला. 'कागदपत्रे न पाहता घर घेतलेच कसे?' हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. तो रास्त आहे. पण त्याआधीचे प्रश्नही विचारायला हवेत. ज्याच्याकडे पगाराची पावती नाही त्याला गृहकर्ज कोण देते? अधिकृत घराची किंमत आणि रिक्षाचालकाची किंवा कारखान्यातील कंत्राटी कामगाराची कमाई यांचा मेळ कोठे बसतो? इमारत उभी राहत असताना यंत्रणा कोठे होती? निवड माणसानेच केली हे खरे. परंतु निवडीसाठी त्याच्यापुढे कोणते पर्याय होते, हे पाहिल्याशिवाय त्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

समूह प्रतिकार करतो तेव्हा

समाज माणसाला घडवतो, त्याचप्रमाणे माणसेही एकत्र येऊन समाजाची दिशा बदलू पाहतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला. बावखले बुजू लागली, विहिरींचे पाणी टँकरने शहराकडे जाऊ लागले आणि वाड्यांवर बिल्डरांची नजर पडली. १९९० मध्ये 'सिडको'कडे या उपप्रदेशाच्या नियोजनाचे अधिकार देण्यात आले. याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने 'हरित वसई संरक्षण समिती'चे आंदोलन उभे राहिले. ख्रिस्ती आणि हिंदू, वाडवळ आणि सामवेदी यांना जमिनीच्या आणि पाण्याच्या प्रश्नाने एका व्यासपीठावर आणले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक राहिलेले आणि 'सुबोध बायबल'चे कर्ते दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

महापालिका स्थापन झाल्यावर गावे वगळण्याच्या मागणीने हाच संघर्ष पुन्हा पेटला. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये ती गावे महापालिकेतच ठेवण्याची भूमिका शासनाने घेतली. या वादात दोन्ही बाजूंना एकेक सत्य आहे. वाडीवाल्यासाठी गाव म्हणजे उपजीविका, बोली आणि पूर्वजांची माती. तर नालासोपाऱ्याच्या खोलीत राहणाऱ्यासाठी शहर म्हणजे मुंबईत नाकारले गेलेले छप्पर. एकाच्या निवाऱ्याची गरज दुसऱ्याच्या पाण्यावर आणि जमिनीवर येते. स्थानिक विरुद्ध उपरे अशी विभागणी करून हा गुंता सुटत नाही. कारण तो मुळात मुंबईच्या जमिनीच्या भावाने तयार केलेला आहे.

अभ्यास कसा केला जातो?

समाजशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा म्हणजे गाव, वस्ती, कारखाना. तेथे काही काळ राहून निरीक्षण करणे, मुलाखती घेणे, जीवनकथा टिपणे, प्रश्नावलीद्वारे सर्वेक्षण करणे आणि जुनी कागदपत्रे धुंडाळणे या त्याच्या प्रमुख पद्धती. वसईच्या अभ्यासकाला १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर, जनगणनेचे अहवाल आणि १९९२-९३ पासून होत असलेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणे उपयोगी पडतात. एकाच गावाचा दीर्घ अंतराने पुन्हा अभ्यास करणे ही आणखी एक फलदायी पद्धत. पुण्याजवळच्या लोणीकंद गावाची पाहणी थॉमस कोट्स याने १८१९ मध्ये केली होती. घुर्ये यांनी त्याच गावाचा नव्याने अभ्यास करून १९६० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. इरावती कर्वे यांनी कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची केलेली पाहणीही याच परंपरेतील.

या अभ्यासाच्या अडचणीही आहेत. माणूस विचारणाऱ्याला बरे वाटेल असे उत्तर देतो. 'घरात निर्णय कोण घेते?' या प्रश्नाला नवऱ्यासमोर मिळणारे उत्तर आणि विहिरीवर मिळणारे उत्तर वेगळे असते. शिवाय अभ्यासकाचे स्वतःचे पूर्वग्रह असतातच. म्हणून आकडे आणि अनुभव ही दोन्ही साधने एकमेकांवर तपासून घ्यावी लागतात.

काही संकल्पना

सामाजिकीकरण : घर, शाळा, सवंगडी यांच्याकडून समाजाच्या रीती अंगवळणी पडण्याची प्रक्रिया.

सामाजिक स्तरीकरण : संपत्ती, जात, लिंग, सत्ता यांनुसार समाजाची झालेली उतरंड.

सामाजिक चलनशीलता : एका स्तरातून दुसऱ्या स्तरात जाण्याची शक्यता. वाडीतील शेतकऱ्याची मुलगी डॉक्टर होते, ही ऊर्ध्वगामी चलनशीलता.

सांस्कृतिक भांडवल : भाषा, उच्चार, वाचन, शिष्टाचार यांचे घरातून मिळणारे संचित. पिअर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाची ही संकल्पना. मुलाखतीत इंग्रजी अडखळल्यामुळे मागे पडणारा हुशार उमेदवार तिचे महत्त्व जाणतो.

संस्कृतीकरण : खालच्या मानल्या गेलेल्या जातीने वरच्या जातीचे आचार स्वीकारून प्रतिष्ठा मिळवण्याचा प्रयत्न करणे.

आक्षेप आणि उपयोग

समाजशास्त्रावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. सारे काही समाजच ठरवत असेल, तर मग माणसाच्या कष्टांना आणि जबाबदारीला अर्थ काय? या आक्षेपात तथ्य असले, तरी तो शास्त्राचा दावा नीट समजून न घेता केलेला असतो. समाज माणसाचे भविष्य लिहून ठेवतो, असे हे शास्त्र म्हणत नाही. कोणाला किती पावले चालल्यावर तेच ठिकाण गाठता येते, याचे मोजमाप ते करते. भट्टीवरचे एखादे मूल पदवीधर होते तेव्हा त्याचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु त्याच्याबरोबरीची बाकीची मुले मागे का राहिली, या प्रश्नाचे उत्तर त्या कौतुकाने मिळत नाही.

या मोजमापाचा धोरणाशी थेट संबंध आहे. देशात सर्व जातींची संपूर्ण गणना १९३१ मध्ये शेवटची झाली. त्यानंतरच्या आरक्षणाच्या आणि विकासाच्या बहुतेक चर्चा जुन्या आकड्यांवर किंवा अंदाजांवर चालत आल्या. २०११ नंतरची जनगणना लांबणीवर पडली आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारने पुढील जनगणनेत जातनिहाय नोंद घेण्याचे जाहीर केले. वसई-विरारसारख्या शहरासाठी नवे आकडे विशेष मोलाचे आहेत. कारण पाणी, रुग्णालये, शाळा आणि गाड्यांचे नियोजन माणसे मोजल्याशिवाय होत नाही, आणि ज्याची मोजदाद झाली नाही त्याची गरजही कागदावर येत नाही. भट्टीवरच्या भोंग्यात किंवा अनधिकृत इमारतीच्या खोलीत राहणाऱ्यांची नोंद नीट होणे, ही त्यांच्या हक्काची पहिली पायरी ठरेल.